आधी कोण बोलणार

"बाबांच्या आधी कोणी बोलायचं नाही. आणि ते का, हे विचारायचं नाही."

"का?" शर्वरीने विचारलं.

धुनीतला एक निखारा तडकला.

"बघा," हरगीर बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "नियम सांगून होत नाही, तोवर मोडलासुद्धा."

"मोडला कुठे? मी तुमच्या नंतर बोलले."

भीमगीरांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं.

केवलगीर बाबा धुनीपलीकडे बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या उजव्या हाताला हरगीर, सर्वांत जुने शिष्य. मठाचा कारभार तेच बघत. मग भीमगीर. मग सुखगीर. शर्वरी सगळ्यांत शेवटी, पायरीला लागून.

मठात कुठेही बसा, क्रम हाच.

शर्वरी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. दोन उन्हाळ्यांपूर्वी शांतता शोधत या डोंगरात आली. बाबांनी तिला काही शिकवलं नाही. वणव्यावर नजर ठेवायची शेवटची चौकी दिली.

आज तिच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक तिच्या चौकीचा वायरलेस. दुसरी विभूतीची वाटी.

"विभूती उचल," हरगीर म्हणाले. "शपथ घे. यापुढे बारी मोडणार नाही. बाबांच्या नंतर, मोठ्यांच्या नंतर, शेवटी बोलेन."

"आणि नाही घेतली तर?"

"तर वायरलेस इथे राहील. तू घरी जाशील. कोरड्या कुंडाची चौकी बंद होईल."

"उद्या पहाटे बायका मोहाखाली फुलं वेचायला जाणार आहेत. वर कोण असेल?"

"सुखगीर बघेल."

"सुखगीरकाकांच्या चौकीतून मोहाचा उतार दिसत नाही."

हरगीरांनी विभूतीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"म्हणूनच म्हणतो. उचल."

तिने हात मांडीवरच ठेवले.

...

या डोंगरात मोबाइल लागत नाही. वणव्याच्या दिवसांत वायरलेसवरच सगळं चालतं. पण त्या लहानशा यंत्राचा आवाज डोंगराच्या एका वळणापलीकडे जात नाही. शेजारच्या चौकीने ऐकायचं आणि पुढच्या चौकीला सांगायचं, असं करत निरोप जातो.

सगळ्यांत वर मठ. तिथे हरगीर. मठात घंटा आहे, माणसं आहेत, पाण्याचे पिंप बांधलेली जीप आहे. त्याखाली माकडखड्यावर भीमगीर. त्याखाली बेलाच्या टेपाडावर सुखगीर. आणि अगदी टोकाला, कोरड्या कुंडापाशी, मोहाच्या झाडांच्या माथ्यावर शर्वरी.

वायरलेस सतत चालू ठेवता येत नाही. उन्हावर भरणारी बॅटरी तेवढी टिकत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने एक फेरा. सगळ्यांनी वायरलेस चालू करायचे, आपापल्या बारीला बोलायचं, फेरा संपला की बंद करायचे.

बारी ज्येष्ठतेने. आधी बाबांच्या वतीने हरगीर. मग भीमगीर. मग सुखगीर. शेवटी शर्वरी.

हा क्रम कोणी ठरवला, असं मठात कोणी विचारत नसे. पंगत याच क्रमाने बसते. आरती याच क्रमाने फिरते.

...

"कालचं सांग," हरगीर म्हणाले. "बाबांसमोर सांग."

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून."

शर्वरीने श्वास घेतला.

"सकाळी धूर दिसला. मोहाची फुलं पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा जाळतात. तसाच कोणाचा तरी जाळ हाताबाहेर गेला होता. माझी बारी आली तेव्हा मी सांगितलं."

"बारीने सांगितलंस. छान. मग?"

"मग फेरा संपला. वायरलेस बंद."

"पुढे."

"पुढे काय... अर्धा तास बसून राहिले. समोर जाळ वाढत होता. बायका वर, माझ्याकडे बघत होत्या. कुठून निघायचं ते मी सांगेन म्हणून."

"आणि दुसरा फेरा सुरू झाला."

"हो."

"आणि तू काय केलंस?"

"बटण दाबलं."

"कोणाची बारी होती?"



"मी सांगतो जी," भीमगीर म्हणाले. "बारी माही होती. मी सुखगीरले मठाचा निरोप देऊन राहिलो होतो. वारा फिरला, नाल्यात कोणी उतरू नका, म्हणून. अन् ही इंजिनेरबाई मधातच सुरू. सुखगीरच्या कानात नुसती खरखर. ना माहं ऐकू आलं, ना हिचं."

"मला तुमचा आवाज तिथे येत नाही, भीमगीरकाका. तुम्ही बोलताय हे मला कळलं नाही."

"म्हणून तर बारी असते ना वं."

हरगीर पुढे झुकले.

"वारा फिरला, हा निरोप तुझ्यापर्यंत आला नाही. आणि तू बायकांना कुठून पाठवलंस?"

"नाल्यातून."

"मोठ्याने."

"नाल्यातून. मी पाठवलं."

आग नाल्याकडे वळली तेव्हा रुखमा कासदेकर सगळ्यांत मागे होती. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. तालुक्याच्या दवाखान्यात आहे. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. चालण्याबद्दल ते काही बोलत नाहीत.



"आता उचल," हरगीर हळू आवाजात म्हणाले.

...

शर्वरीने वाटीकडे पाहिलं. मग मान वर केली.

"मठात घंटा कधी वाजली, हरगीर महाराज?"

"खबर आली तेव्हा."

"खबर कधी आली?"

"तिसऱ्या फेऱ्याला."

"मी पहिल्या फेऱ्याला सांगितलं होतं."

"क्रमाने आली."

"तासभर लागला. कुंडापासून मठापर्यंत माणूस धावत गेला असता तरी लवकर पोचला असता."

"मग धावायचं होतंस," भीमगीर म्हणाले.

"बायकांना सोडून?"

भीमगीरांनी धुनीकडे नजर वळवली.

"बारीच नको," शर्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आग दिसली की ज्याला दिसली त्याने बोलावं. लगेच. कसली बारी आणि कसले फेरे. तुम्ही ओसरीवर मान मोजत बसता, आणि तिकडे..."

"हरगीर."

बाबांचा आवाज. सकाळपासून पहिल्यांदा.

सगळे ताठ बसले.

"हिला वारा कुठला आहे ते सांग. भीमगीर, तू हिला पाणी कुठे आहे ते सांग."

हरगीरांनी तोंड उघडलं.

"एकदम," बाबा म्हणाले. "दोघांनी."

दोघेही बोलले. हरगीर त्यांच्या खर्जातल्या आवाजात. भीमगीर शक्य तितक्या मोठ्याने, मजा घेत, हात नाचवत. मधेच हरगीरांनीही आवाज वाढवला. मठातला कुत्रा उठून अंगणात गेला.

बाबांनी हात वर केला. दोघे थांबले.

"वारा कुठला?" बाबांनी विचारलं.

शर्वरीने दोघांकडे पाहिलं.

"पाणी कुठे?"

"...नाही कळलं."

"दोघांनी खरं तेच सांगितलं."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हरगीरांनी मांडीवरची धोतराची घडी सरळ केली. भीमगीर समाधानाने मिशी कुरवाळत होते.

"बारी हवी," ती शेवटी म्हणाली. "मान्य. कालचं माझं चुकलं. मधे बोलायला नको होतं."

"मग उचल," हरगीर म्हणाले.

"बारी हवी," ती पुन्हा म्हणाली. या वेळी सावकाश, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखी. "पण हीच का?"

"म्हणजे?"

"एकेकाने बोलायचं, ठीक. पण आधी तुम्हीच का?"

हरगीरांच्या चेहऱ्यावरचं सगळं समाधान गेलं.

"हा प्रश्न विचारायचा नाही, हे तुला मघाशी सांगितलं."

"सांगितलंत. उत्तर नाही सांगितलंत."

...

बाबांनी चिमटा उचलला.

धुनीच्या कडेला एक फुटकं खापर पडलं होतं. त्यांनी ते ओढून घेतलं. चिमट्याने एक मोठा निखारा काढला, खापरावर ठेवला. मग हात लांब करून ते खापर शर्वरीसमोर धरलं.

तिने ते दोन्ही हातांत घेतलं.

"माझ्यापर्यंत आण," बाबा म्हणाले.

ती उठू लागली.

"बस. बारीने आण. ज्याची बारी, त्याने शेजाऱ्याला द्यायचं. फेरा संपला की मी डोळे मिटेन. उघडले की पुढचा फेरा."

भीमगीरांनी सुखगीरांना कोपर मारलं. "आता शिकवतेत बाबा तिले."

"हरगीर, सुरू कर."

हरगीरांनी हात जोडले. वायरलेसवर बोलण्याआधी जसं म्हणायचं, तसंच ते म्हणू लागले. आधी दत्तगुरूंचा जयजयकार. मग या गादीवर बसून गेलेल्या महाराजांची नावं, एकेक करून. त्यांचा उच्चार शुद्ध होता आणि घाई कुठेच नव्हती.

शर्वरीच्या हातातलं खापर तापायला लागलं.

"...माझ्याकडे काही नाही," हरगीरांनी संपवलं.

भीमगीरांनी हात जोडले. पुन्हा जयजयकार. पुन्हा सगळी नावं.

"माझ्याकडे काई नाही."

सुखगीर. तेच. त्यांचा आवाज मुळात बारीक, नावं घेताना आणखी बारीक झाला. मधेच त्यांनी तिरक्या नजरेने शर्वरीच्या हातांकडे पाहिलं.

"...माझ्याकडे काही नाही."

शर्वरीने एकही नाव न घेता खापर सुखगीरांच्या हातात दिलं.

"परंपरा?" हरगीर म्हणाले.

"खापर गरम आहे, महाराज."

बाबांनी डोळे मिटले.

सुखगीर खापर धरून बसले. त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, भीमगीर होते. पण सुखगीरांची बारी होऊन गेली होती. त्यांनी खापर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग धोतराचा सोगा ओढून मधे धरला. कपाळावर घाम आला.

बाबांनी डोळे उघडले.

हरगीरांनी पुन्हा हात जोडले. जयजयकार. नावं.

या वेळी नावं जरा भरभर आली.

"माझ्याकडे काही नाही."

भीमगीर. त्यांनी तर तीन-चार महाराज एका दमात उरकले. "माझ्याकडे काई नाही," ते म्हणाले. सुखगीरांकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

सुखगीरांची बारी आली. त्यांनी खापर भीमगीरांच्या हातात जवळजवळ टाकलंच.

शर्वरीकडे आता काही नव्हतं. तिने तसं सांगितलं.

बाबांनी डोळे मिटले.

"हे तं चांगलंच तापलं," भीमगीर म्हणाले.



"बाबा... डोळे उघडा ना जी."

बाबांच्या पापण्या हलल्या नाहीत.

भीमगीरांनी खापर खाली ठेवायला हात नेला. मग आठवलं, खाली ठेवायचं नाही, द्यायचं आहे. त्यांनी फुंकर मारली. निखारा उलट फुलला.

"हरगीर, घ्या ना हे."

"तुझी बारी नाही."

"हात भाजून राहिला माहा."

"नियम आहे, भीमगीर."

"अहो, मधात एक वीत जागा आहे. फक्त धरा."

त्यांनी खापर पुढे केलं. हरगीरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

क्षणभर दोघे तसेच होते. एक पुढे वाकलेला, एक मागे सरलेला.

मग भीमगीरांच्या हातून खापर सुटलं. फुटलं. निखारा उडून घोंगडीवर पडला, लोकर जळल्याचा वास सुटला. सुखगीरांनी आपला कमंडलू उपडा केला. चर्र झालं. राखेचं पाणी पसरत बाबांच्या आसनापर्यंत गेलं आणि थांबलं.

बाबांनी डोळे उघडले.

"आलं का माझ्यापर्यंत?" त्यांनी विचारलं.

...

भीमगीर तळहात तोंडाजवळ धरून फुंकत होते. त्यांच्या मिशा खाली आल्या होत्या.

"तुमी हात मागं घेतला," ते हरगीरांना म्हणाले.

"नियमाने."

"हो ना. नियमानंच भाजलो मी."

"हेच मी म्हणतेय," शर्वरी म्हणाली. आता तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही आधी बोलता तेव्हा तुमच्याकडे सांगायला काही नसतं. भीमगीरकाकांकडे नसतं. सुखगीरकाकांकडे नसतं. ज्याच्याकडे असतं तो शेवटी बोलतो, आणि मग ऐकणाऱ्याची बारी गेलेली असते. म्हणून खबर एका फेऱ्यात एकच चौकी चढते."

"पुढे बोल," भीमगीर म्हणाले. हरगीरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हरगीरांकडे पाहिलं नाही.

"क्रम उलटा करा. आधी मी. माझं ऐकलं की लगेच सुखगीरकाकांची बारी. त्यांचं ऐकलं की भीमगीरकाकांची. मग मठ. बॅटरी तेवढीच, वेळ तेवढाच, माणसंही हीच. खबर एकाच फेऱ्यात वर येईल."

"आणि मठाचा निरोप?" हरगीरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्या उलट्या क्रमात मठाने खाली सांगितलेलं तुझ्यापर्यंत कधी पोचेल?"

तिने बोटांवर फेरे मोजले.

"सांग ना. तू शिकलेली आहेस."

"...तिसऱ्या फेऱ्याला."

"काल वारा फिरल्याचा निरोप मठातून निघाला होता. कळसावरचं निशाण इथे आहे. वारा इथून कळतो, तुझ्या खड्ड्यातून नाही. तो निरोप तासाभराने पोचला असता तर चाललं असतं? एका बाईचे पाय गेले, दहा बायकांचे गेले असते."

भीमगीरांनी फुंकर थांबवली.

शर्वरी खाली बघत होती. राखेच्या पाण्यात खापराचे तुकडे पडले होते. तिने एक तुकडा उचलला. तो अजून गरम होता, तरी तिने तो मुठीत धरला.

"खरं आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग आधी वर. लगेच मागे खाली. खालून खबर चढेल, मठ ती ऐकेल, ऐकून जे सांगायचं ते सांगेल, आणि ते त्याच फेऱ्यात त्याच वाटेने उतरेल. आज मठ आधी बोलतो. कशावर बोलतो? खाली काय चाललंय ते ऐकलेलंच नसतं."

"दुप्पट बोलणं. बॅटरी कुठून आणणार?"

"नावं सोडा."

"काय?"

"महाराजांची नावं. प्रत्येक जण प्रत्येक फेऱ्याला सगळी नावं घेतो. फेऱ्याचा अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जातो. तेवढ्या वेळात निरोप वर जाऊन खाली येईल."

हरगीर उठून उभे राहिले. इतका वेळ खाली ठेवलेला त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

"ज्यांनी हा मठ उभारला, त्यांची नावं सोडायची? या डोंगरात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा ते इथे राहिले. तुझ्या कोरड्या कुंडाच्या कडेचे दगड त्यांनी हाताने रचलेत. आणि तू कालची पोर..."

"सकाळी घ्या ना नावं. संध्याकाळी घ्या. मीही घेईन, मला पाठ आहेत. पण आग लागल्यावर नको."

"आणि बाबा?" हरगीर म्हणाले. त्यांचा हात बाबांकडे वळला. "बाबांच्या आधी तू बोलणार? हा मठ आहे, पोरी. तुझं कॉलेज नाही. मी चाळीस वर्षं यांच्यासमोर बसतो आहे. आजवर यांच्या आधी मी तोंड उघडलेलं नाही."

"मग इतक्या वर्षांत तुम्हाला काही दिसलं असेल, ते यांना कधी सांगितलंत?"

हरगीर हळूहळू खाली बसले.

...

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. अंगणातला कुत्रा परत येऊन पायरीशी पडला.

हरगीरांनी विभूतीची वाटी उचलली. स्वतः उठून शर्वरीसमोर नेऊन ठेवली. त्यांचा आवाज आता थकलेला होता, पण ठाम होता.

"वाद पुरे. मला जे सांभाळायला दिलं ते मी सांभाळतो. उद्या पहाटे चौकी चालू राहावी असं वाटत असेल तर शपथ घे. बाबांच्या नंतर बोलेन. एवढंच म्हण. बाकीचं मी विसरतो. रुखमाचंही."

"रुखमाचं तुम्ही कसं विसराल?" शर्वरी म्हणाली. "ते माझं आहे."

"घे मग."

"घेऊन टाक वं," भीमगीर पुटपुटले. "दोन शब्द तं आहेत. चौकी तं राहील. मंग पाहू."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा भाजलेला हात त्यांच्या स्वतःच्या कमंडलूत होता.

"चौकी राहील," ती म्हणाली. "आणि उद्या पुन्हा धूर दिसेल, मी शेवटी सांगेन. सुखगीरकाका ऐकतील आणि अर्धा तास धरून बसतील. मग तुम्ही अर्धा तास धरून बसाल. तसली चौकी असली काय, नसली काय. उलट असली की बायका वर बघत बसतात. कोणीतरी बघतंय म्हणून जास्त आत जातात."

"म्हणजे नाही म्हणतेस?"

शर्वरी उभी राहिली. तिने वाकून वायरलेस उचलला, हरगीरांच्या पायांपाशी ठेवला. मग विभूतीची वाटी उचलली आणि तीही तिथेच, शेजारी ठेवली. वाटीतलं काही सांडणार नाही याची तिने काळजी घेतली.

"मधे बोलणार नाही. ती शपथ आत्ता घेते, विभूती लागत नाही तिला. पण शेवटी बोलेन, ही शपथ मी घेणार नाही. आज नाही, उद्या नाही. वायरलेस तुमचा आहे, ठेवा. उद्या पहाटे मी कुंडापाशी बसणारच आहे. धूर दिसला की बायकांच्या पुढे होऊन त्यांना घेऊन निघेन. वारा कुठला आहे ते मला कोणी सांगणार नाही. तेवढं तुम्ही लक्षात ठेवा."



भीमगीर कमंडलूतल्या पाण्याकडे बघत राहिले.

सुखगीरांच्या मांडीवर त्यांचे दोन्ही तळहात उताणे पडले होते. लाल झालेले. काल पहिल्या फेऱ्याला शर्वरीचं बोलणं याच माणसाने ऐकलं होतं. त्यानंतर अर्धा तास त्यांनी काय केलं, हे कोणी विचारलं नव्हतं.

...



एकेक करून सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. हरगीरांनी हात जोडले. आता बाबांनी बोलायचं होतं. मगच बाकीच्यांना तोंड उघडता येणार होतं.

बाबा शर्वरीकडे बघत होते. ती उभीच होती. तिने नजर खाली घेतली नाही.

मग बाबांनी तिच्यावरून नजर काढली. हरगीरांकडे नेली नाही. तिच्या शेजारच्या माणसाकडे नेली.

"सुखगीर," ते म्हणाले, "हिचं ऐकलंस. आता तुझी बारी."